‘खूप शिकायला मिळालं’च्या पुढे: कायद्याच्या विद्यार्थ्यांना मागोवा घ्यायला शिकवताना

‘आज साहेबांबरोबर कोर्टात गेलो. साहेबांनी साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. मला खूप शिकायला मिळालं.’

कोकणपट्टीतल्या लॉ कॉलेजात इंटर्नशिपच्या डायऱ्यांचा गठ्ठा सोडला की हे तिसरं वाक्य हमखास सापडतं. काय शिकायला मिळालं, ते मात्र वहीभर शोधूनही हाती लागत नाही. मी अशा डायऱ्या बरीच वर्षं तपासल्या आणि पंधरापैकी अकरा-बारा देऊन पुढे सरकवल्या. दोष मुलांचा नव्हता. स्वतःच्या कामाकडे मागे वळून कसं बघायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं ठरवलं असतं तरी मार्क कशाला द्यायचे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

इंग्रजीतून आलेला शब्द ‘रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस’. त्याला ‘आत्मचिंतन’ म्हटलं की मुलं कीर्तनाला बसल्यासारखी बसतात, म्हणून मी वर्गात ‘मागोवा’ म्हणते. आपल्याच पावलांचे ठसे बघत मागे जायचं आणि कुठे वाट चुकली ते शोधायचं. ही पद्धत बसवताना मी एक गोष्ट धरून ठेवली आहे: विद्यार्थ्याला किती वाईट वाटलं याला मार्क नाहीत, पुढच्या वेळी त्याने काय वेगळं केलं याला आहेत. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

पायरी पहिली: मार्कांची जागा शोधा

मागोव्यासाठी वेगळा पेपर मागायला जाऊ नका. मिळणार नाही, आणि गरजही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधि शिक्षण नियमांत मूट कोर्ट (म्हणजे सरावासाठी लढवायचा काल्पनिक खटला) आणि इंटर्नशिपचा सक्तीचा पेपर आहेच. त्यात मूटला ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले प्रत्यक्ष पाहण्याला ३०, तोंडी परीक्षेला १०. उरलेले ३० डायरीला: वकिलाच्या ऑफिसात किंवा विधि सहाय्य केंद्रात अशिलाच्या दोन मुलाखती पाहून त्यांच्या नोंदीला १५, आणि कागदपत्रं कशी तयार होतात, दावा कसा दाखल होतो ते पाहून लिहिण्याला १५. तुमच्या विद्यापीठाने यात काही फेरफार केला असेल तर तो बघून घ्या, पण हे डायरीचे ३० आणि तोंडीचे १० म्हणजे आपली जागा. नियमात ‘नोंद करा’ एवढंच म्हटलंय. नोंद कशी असावी हे ठरवायला आपल्याला मोकळीक आहे.

इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २० आठवडे, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. म्हणजे ती तुकड्यातुकड्यांनी होते. अनेकांना ही अडचण वाटते, पण मागोव्याला ती फार सोयीची आहे. एका तुकड्यात चूक सापडते, पुढच्या तुकड्यात ती सुधारली का ते दिसतं. शिवाय खालच्या कोर्टात आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जाणं नियमाने आवश्यक आहे. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडले गेले, त्यामुळे अपिलाचं काम बघायला मुंबईत कुणा नातेवाइकाची खोली शोधावी लागत नाही. घाट चढला की झालं.

पायरी दुसरी: लिहायच्या आधी पुसायला शिकवा

अशिलाने वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, हे आधी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. त्यात वकिलाबरोबर दुभाषी, कारकून आणि नोकर यांचा उल्लेख येतो. इंटर्न हा शब्द नाही. तेव्हा कलमाच्या भरवशावर राहू नका, ओळख पटेल असं काही वहीत येऊच देऊ नका.

आपल्याकडे नुसतं नाव गाळून भागत नाही. आडनाव आणि वाडी एवढं लिहिलं की अर्ध्या तालुक्याला माणूस कळतो. होडीचं नाव लिहिलं तर आख्ख्या बंदराला कळतो. मी मुलांकडून पाच गोष्टी काढून घेते: नाव-आडनाव, वाडी, सर्व्हे आणि हिस्सा नंबर, होडीचं नाव, देवस्थानातला मान. शेवटची गोष्ट बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण ‘ज्यांच्याकडे पालखीचा पहिला मान आहे ते’ असं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, तिथे सवलत नाही.

आणखी एक. ‘तुम्ही लिहिलेलं माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही’ असं वचन शिक्षकाने देऊ नये. एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं वहीतून कळलं, तर पोक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याच्या, कलम १९ खाली ते कळवायची जबाबदारी आपल्यावर येते. हे पहिल्याच तासाला सांगून मोकळं व्हावं.

पायरी तिसरी: पहिला तास, चार दिवसांचा चेक

पहिल्या तासाला व्याख्या नको. मी दोन मुलांना पुढे बोलावते. एक वकील, दुसरा अशील. अशिलाच्या हातात चिठ्ठी: तू रिक्षावाला आहेस, शेजाऱ्याला चाळीस हजार हातउसने दिलेस, त्याने दिलेला चेक परत आला. चिठ्ठीच्या खाली वेगळी ओळ: ‘बँकेचा मेमो येऊन सव्वीस दिवस झालेत. तारीख किंवा मेमो विचारला तरच सांग.’

बहुतेक वेळा काय होतं सांगते. ‘वकील’ दुसऱ्या मिनिटालाच कलम १३८ म्हणतो, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम. मग शेजारी कसा माणूस आहे, पैसे का दिले, सही त्याचीच का, हे सगळं विचारतो. शेवटी मान डोलवत म्हणतो, ‘ठीक आहे, पुढच्या आठवड्यात कागद घेऊन या.’ वर्ग गप्प. मग मी अशिलाला चिठ्ठी मोठ्याने वाचायला सांगते. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. चार दिवस उरले होते आणि आपल्या वकिलाने सात दिवसांनी बोलावलंय!

आता हसणं थांबलं की फक्त दोन प्रश्न. ही १३८ ची केस आहे असं तू कितव्या मिनिटाला ठरवलंस? आणि ते ठरवल्यावर काय विचारायचं राहिलं? पोरगा विचार करतो आणि म्हणतो, ‘मॅडम, कलम आठवलं आणि मला वाटलं झालं.’ वर्गातला पहिला खरा मागोवा हा असतो, आणि त्यात ‘भावना’ हा शब्द कुठेही नसतो.

यानंतर पाच मिनिटं सिद्धांत चालतो. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या: काम चालू असताना हात वळवणं, आणि काम झाल्यावर त्याकडे बघणं. मी आपल्या दशावतारी नाटकाचं उदाहरण देते. लिहिलेली संहिता नसते. समोरची माणसं चुळबुळ करायला लागली की राजा संवाद तिथल्या तिथे वळवतो. ते पहिलं. आणि रात्रीचा राजा सकाळी डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गावाला निघतो (आता टेम्पो असतो), तेव्हा वाटेत ‘काल तो प्रवेश पडला का’ अशी चर्चा होते, ते दुसरं. विद्यार्थ्याला आधी दुसरं येतं. पहिलं यायला वर्षं लागतात, त्याला परीक्षेत हात घालू नये.

पायरी चौथी: चार प्रश्न, एक पान, शेवटच्या एसटीच्या आधी

ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं सहा टप्प्यांचं चक्र बऱ्याच ठिकाणी वापरतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची योजना. मीही दोन वर्षं वापरलं. आमची मुलं ते रेशनकार्डाच्या अर्जासारखं भरायची, प्रत्येक रकान्यात दीड ओळ. म्हणून मी चार प्रश्नांवर आले:

१. नेमका क्षण कुठला? कोण काय बोललं, शब्दशः.
२. त्या क्षणी मी काय गृहीत धरलं होतं?
३. ते बरोबर की चूक, कशावरून? (कागद, कलम, कुणाचं तरी बोलणं. ‘मला वाटलं’ चालणार नाही.)
४. पुढच्या वेळी काय करीन, आणि ते केलं हे तिसऱ्या माणसाला कशावरून कळेल?

तिसऱ्या प्रश्नावर कायद्याची मुलं खुलतात. पुरावा मागणं हे त्यांचंच काम आहे, फक्त या वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती स्वतः उभी असतात.

लिखाण त्याच दिवशी, हाताने, एक पान. शिबिरावरून परत आल्यावर मी मुलांना व्हरांड्यात पंचवीस मिनिटं बसवते आणि मगच स्टँडवर सोडते. घरी जाऊन लिहितो म्हणणारा रविवारी रात्री लिहितो, आणि तोपर्यंत शब्द उडून गेलेले असतात.

भाषेबद्दल माझा आग्रह आहे. मूट इंग्रजीत करा, हरकत नाही, पण मागोवा ज्या भाषेत ऐकलं त्या भाषेत. मालवणीत ऐकलं तर अवतरणात मालवणी. इंग्रजीत लिहिताना मुलं ‘क्लायंट क्लेम्स ओनरशिप’ असं लिहितात आणि अशील नेमकं काय म्हणालं ते तिथेच हरवतं. किती हरवतं, ते पुढे बघा.

पायरी पाचवी: एक पान दोनदा लिहून घ्या

सिंधुदुर्गातल्या एका गावात कायदेविषयक शिबिर होतं. तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने एका आजींची मुलाखत घेतली. तिचं पहिलं पान असं (ओळख पटेल ते बदललं आहे):

‘अशिलाचं नाव सातबाऱ्यावर नाही. त्यामुळे हक्क सिद्ध करणं कठीण आहे हे समजावून सांगितलं. आजी भावूक झाल्या. वृद्ध महिलांच्या समस्यांबद्दल माझी जाणीव वाढली.’

नीटनेटकं, सभ्य, आणि निरुपयोगी. मी समासात दोनच प्रश्न लिहिले. ‘त्यांचं नाव नाही, मग कुणाचं आहे?’ आणि ‘आजी काय म्हणाल्या? तुझ्या कानावर पडलेले शब्द लिही.’ दुसरं पान तीन दिवसांनी आलं:

‘मी विचारलं, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? आजी म्हणाल्या, नाय. मी वहीत रेघ मारली. नंतर त्या दोनदा म्हणाल्या, “गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतला सगळा आमचाच.” दोन्ही वेळा मी “हो आजी” म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. नाव नाही म्हणजे हक्क नाही, असं मी धरून चालले होते. उतारा त्यांच्या पिशवीतच होता. मी मागितला नाही, मॅडमनी मागितला. त्यावर थोरल्या दिरांच्या नावापुढे “ए.कु.मॅ.” होतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानतात, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. आणि इथे तर नोंदच सांगते की जमीन एकट्या दिरांची नाही. पुढच्या वेळी “तुमचं नाव आहे का” असं विचारणार नाही. “नाव कुणाचं आहे आणि ते कसं लागलं” असं विचारीन. बोलायला सुरुवात करण्याआधी पिशवीतले कागद बघीन आणि त्यांची यादी मुलाखतीच्या कागदावर सगळ्यात वर लिहीन.’

दुसऱ्या पानातून ‘भावूक’ गेलं, ‘जाणीव’ गेली. त्यांच्या जागी ‘वहीत रेघ मारली’ आलं. ती रेघ तिची तिलाच दिसली, ही मोठी गोष्ट. हो-नाहीचा प्रश्न विचारून दार कसं बंद होतं, हे मी व्याख्यानात चारदा सांगितलं होतं. तिला ते पिशवीतल्या उताऱ्याने शिकवलं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कसं आहे तेही बघा. ‘अधिक संवेदनशील होईन’ हे कुणाला तपासता येत नाही. कागदांची यादी वर आहे की नाही, हे शिपायालाही तपासता येतं. पुढच्या शिबिरात तिच्या कागदावर यादी होती. मी तिला मार्क दिले ते त्या यादीला.

तारखांबद्दल एक व्यवहारी सूचना. पहिली फेरी गणपतीच्या आठवडाभर आधी आणि दुसरी शिमग्याच्या आसपास ठेवावी. मुंबईहून सगळे भाऊ घरी येतात, वाटणीचा आणि हक्कसोडपत्राचा विषय तेव्हाच निघतो, आणि केंद्रावर माणसं येतात. भर पावसात, जुलैत, फारसं कुणी फिरकत नाही.

पायरी सहावी: आपण कुणाच्या घरातले?

हे घाईने करू नये, पहिल्या सत्रात तर नकोच. मुलांचा विश्वास बसल्यावर एक तास द्यावा.

किनाऱ्यावर पर्ससीनवाले (यांत्रिक होडीतून मोठं जाळं टाकणारे) आणि रापणकर (किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणारे) यांचा वाद जुना आहे. एका विद्यार्थ्याच्या घरचं पर्ससीन होतं, आणि केंद्रावर त्याच्यासमोर येऊन बसला रापण ओढणारा माणूस, तक्रार घेऊन. मुलाने मुलाखत बिनचूक घेतली. १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा त्याला वर्गात इतर कुणापेक्षा जास्त येत होता. मागोव्यात त्याने लिहिलं: ‘त्यांनी तारीख सांगितली तेव्हा मी तीनदा “नक्की?” विचारलं. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या अशिलाला एकदाही विचारलं नव्हतं.’

यावर मी काही लिहिलं नाही. फक्त खाली रेघ ओढली आणि त्याला विचारलं की अशिलाला हे आधी सांगायला हवं होतं का. मग अर्धा तास आम्ही हितसंबंधांच्या संघर्षावर बोललो. व्यावसायिक नीतिमत्तेच्या पेपरात हा विषय दोन पानांत उरकला जातो.

मुलांना इथे जात, घर, पक्ष यांची कबुली द्यायला लावू नका. ‘मी अमुक जातीचा असल्यामुळे’ असं वाक्य मागून घेतलं की ते खोटंच येतं. वागण्यातला फरक मोजायला सांगा: कुणाला किती वेळा टोकलं, कुणाला खुर्ची दिली, कुणाला ‘अहो’ आणि कुणाला ‘अरे’.

पायरी सातवी: समासात काय लिहायचं

‘छान’, ‘उत्तम’, ‘अजून खोलात जा’ हे बंद. एका पानावर जास्तीत जास्त दोन प्रश्न, आणि तेही पानावरच्या एखाद्या शब्दाला धरून. पान आठवड्याच्या आत परत द्यायचं. माझ्याकडून हे नेहमी होत नाही. पन्नास वह्या असल्या की पहिल्या आठवड्यात पंचवीसच होतात, मग उरलेल्या पंचवीस जोड्यांनी एकमेकांच्या वाचायच्या आणि प्रश्न लिहायचे. आश्चर्य म्हणजे मुलांचे प्रश्न माझ्यापेक्षा धारदार असतात.

पायरी आठवी: पंधरा गुणांची वाटणी

मी असे देते. प्रसंगाची नेमकी नोंद, ३. स्वतःचं गृहीत पकडणं, ५. कायदा किंवा कागद यांच्या आधारे पडताळणी, ३. पुढचा बदल आणि तो घडल्याचा पुरावा, ४. शुद्धलेखनाला काही नाही, हस्ताक्षराला नाही, पश्चात्तापाला नाही. चूक कबूल केली म्हणून मार्क कापायचे नाहीत, हे वर्गात तीनदा सांगा. चौथ्यांदा सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसतो. मुलाखत उत्तम झाली आणि मागोवा पोकळ, तर गुण कमीच. उलटही तितकंच खरं.

चौथ्या भागाचे ४ गुण पहिल्या पानाला देताच येत नाहीत, कारण पुरावा नंतर येतो. म्हणून गुण दोन पानं मिळून द्यावेत. गुणपत्रक भरायची तारीख बघून दुसरी फेरी आधीच ठरवा, नाहीतर ऐनवेळी सगळ्यांना तीन-तीन देऊन मोकळं व्हावं लागतं. माझं एका वर्षी तसंच झालं.

वह्या तपासायच्या आधी दोघा शिक्षकांनी त्याच पाच वह्या वेगवेगळ्या तपासाव्यात आणि गुण जुळवून बघावेत. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका वहीला मी १२ दिले होते आणि सहकाऱ्यांनी ६. त्यांना भाषा आवडली नव्हती, मला भाषेने भुरळ घातली होती, आणि कुठलं वाक्य कशाला पात्र आहे हे दोघांनीही पाहिलं नव्हतं. त्या वहीवर तासभर भांडल्यावर बाकीच्या सोप्या गेल्या.

तोंडी परीक्षेत वहीतलं एक वाक्य वाचायचं आणि विचारायचं, ‘त्या वेळी अशील कुठे बघत होतं?’ जो तिथे होता तो सांगतो. मोबाईलला विचारून लिहून आणलेला मागोवा इथे पकडला जातो, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. यंत्राने लिहिलेल्या पानाची खूण वाचतानाही कळते म्हणा: त्यात सगळं शहाणपण असतं आणि एकही पिशवी नसते.

अडतं कुठे

रडकथा. मी सुरुवातीला भावनांना पाच गुण ठेवले होते. त्या वर्षी निम्म्या वर्गाचं मन एकाच साक्षीदाराला पाहून ‘हेलावलं’. साक्षीदार पंच होता, पंचनाम्यावरची सही ओळखून घरी गेला होता. पुढच्या वर्षी ते पाच गुण गृहीत पकडण्याकडे वळवले.

सीनियर वकील. तालुक्याचा बार, म्हणजे वकीलवर्ग, लहान असतो, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही त्याच साहेबांची लागते. ज्या वहीवर साहेब सही करणार, त्या वहीत ‘साहेबांनी अशिलाला बोलूच दिलं नाही’ असं कोण लिहील? म्हणून वही दोन भागांत. पाहिलेलं कामकाज बांधील वहीत, तिच्यावर वकिलांची सही. मागोवा सुट्या पानांवर, तो कॉलेजातच लिहायचा आणि कॉलेजातच राहायचा. मागोव्यात साहेबांची चूक लिहायला बंदी नाही, पण तिच्यामागे एक ओळ सक्तीची: ‘तेव्हा मी काय करत होतो?’

गप्प मुलं. काहींना लिहिता येत नाही पण बोलता येतं. त्यांना मी चार प्रश्नांची उत्तरं माझ्यासमोर सांगू देते, आणि ऐकता ऐकता त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. त्यावर ते सही करतात. गुणांत फरक नाही.

स्वतःचं दुःख. घटस्फोटाची मुलाखत ऐकून एखादी मुलगी स्वतःच्या घराबद्दल लिहायला लागते. त्या पानाला गुण द्यायचे नाहीत आणि कापायचेही नाहीत. तिला बाजूला घेऊन विचारायचं, आणि गुणांसाठी दुसरा प्रसंग निवडू द्यायचा.

शेवटी सुट्या पानांचं काय करायचं, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा. फेरतपासणीची मुदत संपेपर्यंत कुलपात, त्यानंतर विद्यार्थ्याला परत किंवा त्याच्यासमोर फाडून टाकायची. आमच्या कपाटात एकदा ती तशीच राहिली. जूनमध्ये कपाट उघडलं तर अर्ध्या पानांना बुरशी आणि अर्धी वाळवीने खाल्लेली, पण एका पानावरचा सर्व्हे नंबर मात्र स्वच्छ वाचता येत होता.